अर्ध्या किलोचा पायगुण

नवी मोटारसायकल घरात आली की पहिले सहा महिने तिला काही ना काही लावण्यात जातात. फॉगलॅम्प, मोबाइलचा होल्डर, पुढे लोखंडी क्रॅश गार्ड, मागे सामानाचं कॅरिअर, टाकीवर एक पिशवी, आणि नंबरप्लेटच्या वर देवाचं किंवा गावाचं नाव. त्यानंतर एके दिवशी मालकाला साक्षात्कार होतो की गाडी जड झाली आहे. आता यातलं काही काढावं म्हटलं, तर क्रॅश गार्ड आईच्या आग्रहाने बसलेला असतो, फॉगलॅम्पचे हप्ते चालू असतात आणि देवाचं नाव काढायची कोणाची छाती नसते. मग वजन उतरवायचं ते कंपनीने दिलेल्या वस्तूंतून. नजर फिरत फिरत चेन आणि तिच्या दोन दातेरी चक्रांवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेन-सॉकेटवर, येऊन थांबते.

आमच्या भाच्याची थांबली. त्याच्याकडे 390 ड्यूक आहे. चाकणला तयार झालेली, म्हणजे आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरची. पण तो तिच्याबद्दल बोलतो तेव्हा ती ऑस्ट्रियाहून माहेरपणाला आली आहे असं वाटतं. "मामा, चेन हलकी टाकायची आणि मागचं सॉकेट ॲल्युमिनियमचं. गाडी पाखरासारखी पळेल." खर्च विचारला तर म्हणाला, दहा हजारांच्या थोडा पुढे. या "थोडा पुढे"ची लांबी आमच्या घरात आजवर कोणी मोजलेली नाही.

आमच्या पिढीला या विषयात गती नाही, त्याला कारण आहे. आमच्या वडिलांनी जन्मभर चेतक चालवली आणि चेतकला चेन नव्हतीच. गिअरबॉक्स थेट मागच्या चाकाला. त्यामुळे चेनची ओळख सायकलपुरती, फार तर लुनापुरती. चेन उतरायची, ती दोन बोटांनी दात्यांवर चढवून पेडल उलटं फिरवायचं आणि काळे झालेले हात जवळच्या भिंतीला पुसायचे. पुण्यातल्या पेठांच्या भिंतींवर त्या काळातल्या बोटांचे ठसे अजून सापडतील. चेनचं वजन किती, हा प्रश्न तेव्हा कोणा मुलाला पडला असता तर त्याचं प्रगतिपुस्तक आधी तपासलं गेलं असतं.

वस्तू तशी जुनी. स्वित्झर्लंडहून इंग्लंडला गेलेल्या हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये 1880 साली बुश-रोलर चेन काढली. पिन, पिनवर बुश, बुशवर फिरणारा रोलर, दोन्ही अंगांना पट्ट्या. पुढे कोणी त्यात रबराच्या बारीक रिंगा घालून ग्रीस आतच कोंडून ठेवलं, पोलाद सुधारलं, सोनेरी मुलामा आला. बाकी आज आपल्या गाडीखाली फिरते ती तीच चेन.

तिच्यावर एक आकडा असतो: 428, 520, 525, 530. हा आकडा पत्रिकेसारखा वाचतात. पहिला अंक म्हणजे एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर, इंचाच्या आठव्या भागांत. 4 असेल तर अर्धा इंच, 5 असेल तर पाच अष्टमांश. पुढचे दोन अंक रुंदी सांगतात: 20 म्हणजे पाव इंच, 30 म्हणजे तीन अष्टमांश इंच. शंभर ते दीडशे सीसीच्या आपल्या रोजच्या गाड्यांना बहुतेक 428 असते. हायाबुसासारख्या अजस्र गाडीला 530. जगभरचे हौशी लोक या 530 किंवा 525 वाल्या मोठ्या गाड्यांना अरुंद 520 बसवतात, सोबत त्या मापाची सॉकेट घेतात आणि अर्ध्या किलोच्या आसपास वजन वाचवतात. भाच्याने हे कुठेतरी ऐकलं आणि तो थेट नाना पेठेत गेला.

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून गाडीचं मॉडेल कळतं, आणि ते कळल्याचं दुःख तो लपवत नाही.

"520 कन्व्हर्जन पाहिजे," भाचा म्हणाला.

"गाडी?"

"390 ड्यूक."

दुकानदाराने चहाचा कप खाली ठेवला. "ती 520च आहे. तिला 520 मधून काढून परत 520 मध्ये घालू? घालतो. मजुरी दोन्हीची पडेल."

भाचा तिथून निघाला तो चेनची बाजू सोडून एकट्या ॲल्युमिनियमवर आला. पुण्यात माणसं मतं अशीच बदलतात, दुकानाच्या पायरीवर.

पण त्याचा मुख्य मुद्दा शाबूत होता. "मामा, हे फिरणारं वजन आहे. फिरणारं एक किलो कमी केलं की साधं दोन किलो कमी केल्यासारखं असतं." हे वाक्य मी नंतर तीन गॅरेजांत, एका लग्नात आणि टोलनाक्याच्या रांगेत ऐकलं. बोलणारे सगळे ते अशा आवाजात बोलतात की समोरच्याने उलट काही विचारणं म्हणजे न्यूटनच्या घरच्यांना दुखावणं होईल. मी बँकेत आयुष्य काढलेलं असल्यामुळे कोणी "दुप्पट" म्हणालं की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.

दुप्पट होतं ते चाकाच्या अगदी कडेला असलेल्या वजनाचं, म्हणजे टायरचं. कारण टायरचा बाहेरचा भाग गाडीच्याच वेगाने फिरत असतो. सॉकेट चाकाच्या मध्याशी असतं. 45 दात्यांच्या सॉकेटची त्रिज्या साडेअकरा सेंटीमीटरच्या घरात, टायरसकट चाकाची तीस-एकतीस. म्हणजे चेनचा फिरण्याचा वेग गाडीच्या वेगाच्या साधारण 37 टक्के. ऊर्जेच्या हिशेबात वेगाचा वर्ग लागतो, आणि 0.37 चा वर्ग होतो 0.14. तेव्हा चेन-सॉकेटमधला एक किलो कमी केला तर तो फार तर एक किलो एकशे चाळीस ग्रॅमसारखा वागतो. भाच्याच्या दोन किलोंतले आठशे साठ ग्रॅम विजेच्या बिलावरच गळाले.

उरलेलं पाहू. किलोभराचं पोलादी सॉकेट ॲल्युमिनियममध्ये निम्म्यावर येतं. हलक्या चेनचे थोडे ग्रॅम धरून सहाशे म्हणू. सहाशेचे वर्गाच्या कृपेने झाले सहाशे चौऱ्याऐंशी. गाडी, भाचा, हेल्मेट आणि पाठीवरची सॅक मिळून अडीचशे किलोला पाचच कमी. भागाकार केला तर पाव टक्क्याहून जरासा जास्त. शून्यापासून शंभरला जायला गाडी सहा सेकंद घेत असेल, तर आता ती सेकंदाचा साठावा भाग आधी पोचेल. आणि पोचून कुठे जाईल? पुढच्या सिग्नलला. तिथे नव्वद सेकंदांचा लाल आकडा लागलेला असतो, आणि त्याला साठावा भाग मोजायची सवय नाही.

हे मी भाच्याला दाखवलं. तो म्हणाला, "मामा, पेपरवर ठीक आहे. पण फील असतो."

फीलपुढे विजेचं बिल काय करणार? मी म्हणालो, टाकीत एक लिटर पेट्रोल कमी भर. एका लिटरचं वजन साडेसातशे ग्रॅमला जराच कमी. तेवढंच हलकं होशील, खर्च काही नाही, वर शंभराची नोट खिशात राहील. ही सूचना त्याने अपमान मानली. गाडी हलकी करायची तर ती पैसे घालूनच, नाहीतर तिला हलकी कोण म्हणेल?

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. मागचं सॉकेट चाकाला जोडलेलं असतं, म्हणजे ते स्प्रिंगच्या खालचं वजन. ते कमी झालं तर खड्ड्यात चाक जरा चटकन खाली-वर होतं, हे शास्त्र खरं आहे. पण चाक, टायर, डिस्क असा सगळा ऐवज तिथेच लोंबत असताना त्यातून अर्धा किलो गेल्याचं ज्याला आपल्या रस्त्यावर कळतं, त्याच्या पार्श्वभागाची संवेदनशीलता राष्ट्रीय संपत्ती मानावी लागेल.

तरीही फील येतो. मी हे नाकारत नाही. ज्यांनी ज्यांनी हलकं सॉकेट बसवलं ते सगळे शपथेवर सांगतात की गाडी बदलली. माणसं खोटं बोलत नाहीत. गंमत अशी की हलकं सॉकेट कधी एकटं येत नाही.

पहिली गोष्ट, ते जुन्या, लोंबलेल्या, वाजणाऱ्या चेनच्या जागी येतं. चेन ताणली गेली असं आपण म्हणतो, पण पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. आतल्या पिना आणि बुश झिजतात. एका कडीमागे मिलिमीटरचा दहावा हिस्सा झीज धरली तर एकशे दहा कड्यांच्या चेनमध्ये अकरा मिलिमीटर. अशी चेन दात्यांवर नीट बसत नाही, थ्रॉटल सोडला की झटका मारते, पुन्हा दिला की दुसरा. तिच्या जागी कोरी करकरीत चेन आली की गाडी लोण्यासारखी चालणारच. साधी पोलादी, हजार-दीड हजाराच्या सेटमधली आली असती तरी तशीच चालली असती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सॉकेट बदलायला गेलेला माणूस मिस्त्रीला हळूच विचारतो, "दाते कमी-जास्त करून बघायचे का?" मिस्त्री नाही म्हणत नाही. पुढे 15 आणि मागे 45 दाते असतील तर प्रमाण 3. पुढचा एकच दात काढून 14 चं बसवलं की ते 3.21 होतं. सात टक्के! मागे तीन दाते वाढवून 48 चं बसवलं तरी जवळपास तेच. चाकावर येणारा जोर प्रत्येक गिअरमध्ये सात टक्क्यांनी वाढतो. पाव टक्का कुठे आणि सात टक्के कुठे. कात्रजचा चढ गाडी आता एक गिअर वर ठेवून चढते, सिग्नलला उडी मारते, आणि मालक खाली वाकून त्या चकचकीत ॲल्युमिनियमकडे कृतज्ञतेने बघतो. सून घरात आली त्याच महिन्यात मुलाला पगारवाढ मिळाली की सगळी आळी म्हणते, पोरीचा पायगुण चांगला. वाढीची फाइल साहेबाच्या टेबलावर आधीच सहीला पडून होती, हे कोणी विचारत नाही. ॲल्युमिनियमच्या सॉकेटचा पायगुण याच जातीचा.

शिवाय सात टक्के फुकट मिळत नाहीत. त्याच वेगाला इंजिन आता सात टक्के जास्त फिरतं, जास्त ओरडतं, ॲव्हरेज थोडं खाली येतं, आणि द्रुतगतीने पळणाऱ्या हायवेवर आहे तो सहावा गिअर टाकूनही डावा पाय सातवा शोधत राहतो. स्पीडोमीटरला वेग गिअरबॉक्सवरून कळत असेल तर तोही फसतो आणि खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. मालकाला मात्र त्याचं वाईट वाटत नाही. तो फोटो काढून ठेवतो.

या विषयावर मला सगळ्यात अधिकारी माणूस भेटला तो आमचे दूधवाले काका. त्यांची शंभर सीसीची गाडी आहे, तिचं वय विचारायचं नसतं. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरची कॅन. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं, निदान असायला हवं. म्हणजे नुसतं दूधच ब्याऐंशी किलोच्या आसपास, वर कॅनचं वजन, वर काका. हे सगळं पहाटे घाट उतरून शहरात येतं एका पोलादी 428 वर. ॲल्युमिनियम त्यांच्या गाडीवरही आहे, पण ते सगळं कॅनमध्ये. मी त्यांना विचारलं, "काका, चेन हलकी टाकली तर?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुटंल की. आन् हलकं करायचंच तर तुमी अर्धा लिटर कमी घ्या, म्या तेवढंच कमी आणतो."

काकांच्या गाडीला अजून पूर्ण बंद चेनकव्हर आहे. आपल्याकडच्या गाड्यांना ते बसवणारा इंजिनिअर कोण होता माहीत नाही, पण त्याने पावसाळा पाहिलेला होता. चिखल, वाळू, मागे बसणाऱ्या बाईंचा पदर, सगळं बाहेर राहतं आणि चेन आत तेलात सुखाने फिरते. नव्या पोरांना हे कव्हर म्हाताऱ्यासारखं दिसतं. ते काढून टाकलं की काहीशे ग्रॅम वाचतात आणि चेन उघडी, सडपातळ दिसते. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भोरच्या रस्त्याची सगळी लाल माती तिच्यात जाऊन बसते. माती आणि तेल मिळून होतो तो पॉलिश पेपर. तो पोलादाला खातो, पण चावून चावून; ॲल्युमिनियमला मात्र आख्खं गिळतो. पोलादी सॉकेट जितके किलोमीटर चालतं त्याच्या निम्म्यावर, कधी त्याहून आधी, ॲल्युमिनियमचे दाते सुळ्यासारखे वाकडे होतात. वाकडे दाते मग नव्या चेनचीही वाट लावतात. म्हणजे अर्धा किलो वाचवणारा माणूस तोच अर्धा किलो दर वर्षी नव्याने विकत घेतो. पुढचं छोटं सॉकेट तर हलक्या सेटमध्येही पोलादाचंच असतं. ते तिप्पट वेगाने फिरतं, ॲल्युमिनियम तिथे टिकलंच नसतं. बनवणाऱ्यालाही कुठे थांबावं हे कळतं, ते असं.

चेनवर घालायच्या तेलाबद्दल महाराष्ट्रात जेवढी मतं आहेत तेवढी फक्त मिसळीच्या तर्रीबद्दल असतील. कोणी 90 नंबरचं गिअर ऑइल म्हणतो, कोणी स्प्रे, कोणी इंजिनमधून काढलेलं काळं तेल बाटलीत भरून ठेवतो आणि त्याला "आपलं घरचं" म्हणतो. ते घरचं तेल नका घालू; त्यात इंजिनच्या झिजेचा कीस असतो. पण घरचं घालणारा निदान काहीतरी घालतो. स्वच्छ, तेल दिलेली रोलर चेन इंजिनची सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के ताकद चाकापर्यंत पोचवते. कोरडी, गंजलेली, कुठे घट्ट कुठे सैल झालेली चेन त्यातलं जे खाऊन टाकते त्यापुढे आपला तो पाव टक्का तोंड दाखवू शकत नाही. चेन जास्त आवळली तर आणखी वाईट. उभ्या गाडीवर ती छान ताठ दिसते, पण वर दोन माणसं बसली आणि चाक खड्ड्यात वर गेलं की चेनला द्यायला जागाच उरत नाही, मग गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सगळा राग निघतो. आणि आपल्याकडे दोनच माणसं बसतील याची खात्री कोणी द्यायची?

आमच्या कोपऱ्यावरचे मिस्त्री हे सगळं एका वाक्यात सांगतात. कोणी हलक्या चेनचं विचारलं की ते खाली बसतात, मागच्या सॉकेटच्या अगदी पाठच्या टोकाला चेन चिमटीत धरून बाहेर ओढतात. अर्धा दात उघडा दिसला की म्हणतात, "आधी ही बदला, मग हलकीचं बघू." दिसला नाही तर म्हणतात, "ही चांगली आहे, चहा घ्या." या व्यवसायात ते श्रीमंत का झाले नाहीत हे कळायला आणखी पुराव्याची गरज नाही.

ज्यांना हलकी चेन खरोखर उपयोगी पडते अशी माणसं आहेत. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईला जे शर्यतीत उतरतात, त्यांच्यात पहिला आणि चौथा यांच्यामधलं अंतर सेकंदाच्या दशांशांत असतं. प्रत्येक वळणानंतर गाडी पुन्हा वेग घेते, तो साठावा भाग वळणागणिक जमा होतो. ते गाडीवरचा आरसा, दिवा, मागची सीट, सगळं काढून मग सॉकेटकडे येतात, आणि चेन झिजायच्या आत बदलतात. ज्यांच्याकडे 530 ची मोठी गाडी आहे, तिचा सेट मुदतीने बदलायलाच आला आहे, आणि गाडीच्या ताकदीला पुरेल अशी तपासलेली 520 मिळते आहे, त्यांनीही खुशाल घ्यावी. मागचं सॉकेट पोलादाचं ठेवलं तर तोटा काही नाही. बाकी ज्याला ते सोनेरी चेन आणि काळं, जाळीदार सॉकेट दिसायलाच आवडतं, त्याने दिसण्यासाठी घ्यावं आणि तसं मोकळेपणाने सांगावं. हौसेला हिशेब लावायचा नसतो. फक्त हौसेला भौतिकशास्त्राचं ओळखपत्र करून देऊ नये.

भाच्याने शेवटी ॲल्युमिनियमचंच घेतलं. नारिंगी रंगाचं, कारण गाडी नारिंगी. छान दिसतं. मागे मात्र 48 दाते आहेत, त्यामुळे गाडीला फीलही आला आहे.

तुमची गाडी ऑफिस, मंडई आणि वर्षातून एकदा कोकण एवढंच करत असेल तर हलक्या सेटच्या वाटेला जाऊ नका. चेन झिजली असेल तर चेन आणि दोन्ही सॉकेट तिन्ही एकदम बदला, पोलादाचीच, कंपनीने दिल्या तितक्याच दात्यांची. चेनकव्हर असेल तर ते ठेवा. चेन पाचेकशे किलोमीटरला पुसून तेल द्या, पावसाळ्यात त्याहून लवकर, आणि ढिलाई गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढीच ठेवा. एवढं करून काही हजार रुपये उरतात. त्यात आधी मागचा टायर बघा. बहुतेकांचा गुळगुळीत झालेला असतो.